भुशाचा कोळसा आणि नऊशेचा आकडा

आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही... टेकराम सरांच्या प्रयोगवहीतला 'नऊशे अंश' हा आकडा खोटा आहे आणि तो मी लिहिलाय. महिन्यापूर्वी सर गेल्याचा फोन आला, तेव्हा आधी हेच आठवलं. रडू नंतर आलं.

गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत. मी प्रयोगशाळेत परिचर. धानाच्या भुशाच्या कोळशापासून सोडियमची बॅटरी करायची, हे त्यांचं वेड. ते सांगत, "नेहमीच्या बॅटरीतल्या ग्रेफाइटचे थर गोदामातल्या पोत्यांसारखे गच्च. सोडियम जाडा पाहुणा, घुसतच नाही. आपला कोळसा म्हणजे गबाळ्याचं घर! थर आडवेतिडवे, मधात पोकळ्या. चार्ज केलं का पाहुणा थरांत शिरते, पोकळ्यांत पसरून बसते. बॅटरी वापरली का उठून चालला!"

एकदा भट्टी नऊशेला बंद करायला सांगून ते वर्गावर गेले. मी गेलो बाजारात, सुकट घ्यायला. गप्पांत रमलो. परत आलो तर काटा बाराशेवर! घाबरून भट्टी बंद केली, वहीत नऊशे लिहिलं. सरांनी नागपूरच्या प्रयोगशाळेत त्याच कोळशाचा सेल बांधला, तर त्यानं आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त सोडियम धरला. जास्त तापल्यानं आतल्या पोकळ्या वाढल्या असणार. सरांनी जिलेबी आणली. "बुधराम, तुह्या हाताले गुण आहे बापा!" ती जिलेबी मी खाल्ली.

पुढे नऊशेला काही जमेना. सरांचा संशय भुशावर: त्या खेपेचा भुसा वेगळ्याच वाणाच्या धानाचा असणार. मोटरसायकलवर मागे मला बसवून सडक अर्जुनीपर्यंतच्या गिरण्या पालथ्या घातल्या. एक गिरणीवाला म्हणाला, "सर, लोक तांदूळ विचारतेत, तुम्ही भुसा काऊन विचारून राहिले?" शेवटी त्या वाणाचं धान त्यांनी इटियाडोह धरणाच्या कालव्याखालच्या स्वतःच्या बांधीत, धानाच्या शेतात, लावलं. तरी कोळसा तसाच. सरांची बायको, आमच्या वहिनी, वाढताना म्हणाल्या, "बॅटरी नाही झाली, भात तं गोड निघाला!" सर सगळ्यांत मोठ्यानं हसले.

एकदा शेताच्या धुऱ्यावरून चालताना मी तोंड उघडलं, "सर, त्या दिवशी भट्टी..."

"भट्टी नाही रे, धानच वेगळं होतं," म्हणत ते पुढे गेले. मला हायसं वाटलं, हे सांगायलाच हवं.

परवा वहिनींनी ती वही माझ्या हाती दिली. कॉलेजातल्या नव्या मॅडम सरांचं काम पुढे नेणार आहेत, त्यांना पोचवायला. पानांत अजून भुसा अडकलाय. दर फसलेल्या प्रयोगापुढे सरांचं एक प्रश्नचिन्ह, आणि माझा नऊशे तसाच.

तो खोडून बाराशे लिहायचं, खाली सही करायची, आणि वहिनींना समोर बसून सांगायचं... एवढं मी सरांचं देणं लागतो.