बाबूजींचं पान

आमच्या जळगावात सगळ्या शहरानं मिळून एकच कादंबरी वाचायची, असं ठरलं. त्या वर्षी माझे सासरे अर्धांगवायूतून उठत होते. आम्ही त्यांना बाबूजी म्हणतो. हातपाय बरेचसे सावरले होते, बोलणं मात्र अडकलं होतं. उभा जन्म डाळमिलमध्ये गेलेला, फोनवर दणदणीत आवाजात सौदे करणारा माणूस. त्यांना आता ‘पाणी’ म्हणायलाही जुळवाजुळव करावी लागायची.

बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी त्यांना रोज मोठ्यानं वाचायला सांगितलं होतं. बाबूजी पेपरातले धान्याचे भाव वाचायचे. बाई म्हणाल्या, “त्यात वाक्यं कुठायत? सलग काहीतरी वाचा.”

त्याच सुमारास वाचनालयानं कादंबरीच्या प्रती वाटायला सुरुवात केली. सलूनमध्ये, रिक्षा स्टॉपवर, सराफांच्या दुकानातल्या बाकांवर तेच एक पुस्तक दिसू लागलं. मी धुळ्याची, देवपूरच्या शाळेत मराठीतून शिकलेली. घरात मारवाडी बोलत असलो तरी मला वाचायला मराठीच लागतं. मी एक प्रत घरी आणली.

“गोष्टी... पोरांना,” बाबूजी म्हणाले.

“दोन शिंपी भावांची गोष्ट आहे, बाबूजी. दुकानाची वाटणी होते त्यांच्या.”

वाटणी म्हटल्यावर त्यांनी चष्मा मागितला.

मग रोज नाश्त्यानंतर ते वाचायचे, मी शेजारी भाजी निवडत बसायची. अर्धं पान होईपर्यंत चहा गार व्हायचा. एके ठिकाणी थोरला भाऊ धाकट्याच्या शिलाई मशीनला कुलूप घालतो. तिथं बाबूजींनी पुस्तक मिटलं. “चूक. दुकान... भावापेक्षा... मोठं नाही.” आजारपणानंतर एवढं लांब ते पहिल्यांदाच बोलले.

या उपक्रमाच्या शेवटी वाचनालयाच्या सभागृहात अख्खी कादंबरी मोठ्यानं वाचायची होती, एकेका माणसानं एकेक पान. बाबूजी मला म्हणाले, “माझं... नाव दे.”

माझे पती घाबरले. “लोक हसले तर?”

“हसू दे,” बाबूजी म्हणाले.

त्यांच्या आधी कॉलेजातल्या एका मुलीनं झरझर पान वाचलं. बाबूजींनी डाव्या हातात माइक धरला, पुस्तक मी धरलं. पहिल्या दोन ओळी नीट गेल्या. पुढे ‘निर्विकारपणे’ आलं. “नि... निर्...” पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी आपुलकीनं तो शब्द सांगितला.

बाबूजींनी माइकसकट हात वर केला. “थांबा. मी... म्हणतो.”

आणि त्यांनी पान पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कुठं बघावं मला कळेना. तो शब्द आला तेव्हा मागची चहाच्या टेबलाजवळची कुजबुजसुद्धा बंद झाली. त्यांनी तो तुकड्यातुकड्यानं, पण पुरता म्हटला आणि पुढे गेले. आयोजकांचं वेळापत्रक कोलमडलं, पण घाई करा असं कोणी म्हणालं नाही. पान संपल्यावर खाली उतरायचं सोडून ते लोकांकडे वळले. “हा थोरला भाऊ... मला... पटला नाही.” सगळे हसले, बाबूजीही हसले. इतका अभिमान मला आजवर कुणाचाच वाटला नव्हता.

बाहेर एक बाई आमच्याकडे आल्या. त्यांचे यजमान रिक्षा चालवायचे. त्यांनाही झटका आला होता आणि बोलता येत नाही म्हणून ते घराबाहेरच पडत नव्हते. “तुमच्याकडे आणू का त्यांना?” त्यांनी विचारलं.

“उद्याच,” बाबूजी म्हणाले.

आता आमच्या व्हरांड्यात दर रविवारी असे तीन-चार जण जमतात आणि तीच कादंबरी वाचतात. बाबूजींचं बोलणं पूर्ववत झालेलं नाही, होईल असंही आम्हाला कोणी सांगितलेलं नाही. परवा तिथून चढे आवाज आले म्हणून मी स्वयंपाकघरातून धावत गेले. त्या बाईंचे रिक्षावाले यजमान कादंबरीतल्या थोरल्या भावाची बाजू घेत होते आणि बाबूजींचं त्यांच्याशी जुंपलं होतं. दोघांनाही शब्द सापडत नव्हते आणि दोघंही माघार घ्यायला तयार नव्हते.