दादाच्या खांद्याची गाठ

मे महिना, मालवण बंदर. बोटीतून उतरले तेव्हा माझ्या ट्रंकेत एका माणसाची अर्धी हाडं होती... साठच्या दशकातली गोष्ट. मुंबईत मेडिकलचं पहिलं वर्ष चालू होतं आणि सुट्टीनंतर लगेच अ‍ॅनाटॉमीची परीक्षा होती. कॉलेजातल्या एका सीनियर मुलीकडून बोन सेट आणला होता.

आईनं ट्रंक उघडलेली पाहिली आणि दोन पावलं मागे सरली. "ह्या घरात नको गो बाय," एवढंच म्हणाली. मग घरामागच्या मांगरात, गवत आणि लाकडं ठेवायच्या खोपटात, माझा अभ्यास सुरू झाला.

आईचं ते म्हणणं मला समजत होतं. तीन वर्षांपूर्वी माझा मोठा भाऊ, आमचा दादा, ओळखीच्या तांडेलाच्या गलबतातून नोकरीसाठी मुंबईला निघाला होता. वादळात गलबत बुडालं. दादा काही सापडला नाही... म्हणजे आम्ही तसंच समजत होतो. गावातले लोक दिवस करा म्हणायचे, पण आई ऐकायची नाही. "तो येतलो" म्हणायची आणि कामाला लागायची.

बाबा हायस्कुलात मराठी शिकवायचे. शोककविता त्यांच्यासारखी कुणीच शिकवत नसे असं मुलं सांगायची. पण घरात त्यांनी दादाचं नाव घेतलेलं मला आठवत नाही. गलबत बुडाल्यानंतर ते फक्त थकत गेले. शाळेतून आले की छत्री कोपऱ्यात ठेवायची आणि पायरीवर बसून राहायचं... रोज.

त्या सुट्टीत मात्र ते दुपारी मांगरात यायला लागले. माझं पुस्तक हातात घेऊन प्रश्न विचारायचे, मी हाड उचलून उत्तर द्यायची. हे डावं की उजवं, वरचं टोक कुठलं, ह्याला कुठला स्नायू चिकटतो... मला बरं वाटायचं. बाबा निदान बोलत तरी होते.

एका दुपारी कॉलरबोन निघालं, गळ्याखालचं आडवं हाड. मी घडाघडा सांगत सुटले. लहान मुलं पडली की हे हाड हमखास मोडतं, लवकर जुळून येतं, पण जुळल्या जागी कधीकधी गाठ राहते.

"कायमची?" बाबांनी विचारलं.

"एखाद्याची राहते कायमची."

"आणि माणूस गेल्यावर?"

"तेव्हाही राहते की. हाडावरच असते ती."

बाबांनी पुस्तक मिटलं. आणि शाळेतलं ते स्वच्छ मराठी सुटून एकदम मालवणीत बोलायला लागले. "तोंड वळखाक येय नव्हता गो... म्हणान मी खांद्याक हात लावन बघलंय. गाठ लागली."

मग कळलं. गलबत बुडालं त्यानंतर विजयदुर्गाहून निरोप आला होता, किनाऱ्याला एक मुलगा लागलाय, बघून जा. बाबा एकटे गेले होते. लहानपणी दादा फणसावरून पडला होता, त्याची गाठ डाव्या खांद्याजवळ राहिली होती. बाबांनी तिथेच अग्नी दिला आणि घरी येऊन सांगितलं, तो आपला नव्हता.

मी विचारलं, का?

"निघताना तुझी आवस म्हणाली, तो आसलो तर माका सांगा नकात."

मिटलेलं पुस्तक त्यांनी माझ्या हातात दिलं. म्हणाले, शाळेत शिकवायच्या त्या कविता दुसऱ्यांच्या, त्या म्हणता येतात... मग उठले आणि अंगणात गेले. मी त्यांच्या मागोमाग.

आई चटईवर आमसुलं वाळत घालत होती. बोटं लालभडक झालेली. बाबा तिच्याशेजारी जमिनीवरच बसले. "विजयदुर्गाक मी गेलंय तेवा..." एवढंच म्हणाले.

आईनं मान वर केली नाही. "ठावक आसा माका."

हात चालूच होते तिचे. "जाताना तुमच्या खांद्यार उपरणा होता. येताना नव्हता. ता कोणाच्या अंगार घातलात, ता माका इचारूचा लागला नाय."

बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहत होते. आई त्यांच्याकडे वळली. "सांगा नकात असा मीच म्हटलंय... म्हणान तुमी एकट्यान सोसलात."

तीन वर्षं दोघंही एकाच घरात एकमेकांना जपत होती. आणि मी त्या घरात राहून, जाऊन येऊन, मला काही म्हणता काही कळलं नव्हतं.

मग बाबांनी तिला खांद्याच्या गाठीचं सांगितलं, आणि थोड्या वेळानं आईनं मला जवळ बोलावलं. "खंयचा हाड गो ता? माका दाखय."

मी मांगरातून हाड आणायला निघाले, तर तिनं माझा हात धरला. माझं बोट धरून स्वतःच्या गळ्याखाली नेलं. मी ती जागा दाखवली... तिनं तिथं तळवा ठेवला आणि डोळे मिटले.

मग ती तिथंच, चटईच्या कडेला, हाताची उशी करून झोपली. भर दुपारी आईला झोपलेली मी कधी पाहिली नव्हती. बाबा शेजारी बसून आमसुलांवर येणारे कावळे हाकलत राहिले, आवाज न करता, नुसत्या हातानं.

पुढे कथा-कादंबऱ्या पुष्कळ वाचल्या. त्यातली माणसं कुणी गेलं की किती बोलतात... आमच्या घरात त्या दिवशी मोजकीच वाक्यं झाली. पण ती झाली, आणि त्यांच्या आधारावर आई-बाबांनी पुढचं म्हातारपण एकत्र काढलं, ह्याचं मला अजूनही बरं वाटतं.