मागं राहिलेल्यांसाठी

मिशन गल्लीत कुणी मेलं की आधी रडणं ऐकू यायचं आणि पाठोपाठ केवळाबाई यायची. पांढरं लुगडं, काखेत फडक्यात गुंडाळलेलं बायबल, आणि चेहऱ्यावर असा भाव की मेलेल्यानं तिची परवानगी घेऊनच प्राण सोडलाय. जळकोटपासून चार मैलांवरच्या त्या गावात ख्रिस्ती घरं अकरा, आणि केवळाबाई त्यांची बायबलबाई. म्हणजे मिशननं नेमलेली बाई. घरोघर जाऊन बायकांना वाचायला शिकवायचं, पुस्तकातल्या गोष्टी सांगायच्या, आजाऱ्याजवळ बसायचं. पाळकसाहेब उदगीरला राहत आणि महिन्यातून दोनदा सायकलवर येत. बाकीचे दिवस गल्लीचा धर्म तिच्या ताब्यात असे.

मयतानंतर तिसऱ्या दिवशी घरात प्रार्थना व्हायची. त्या प्रार्थनेचा एक नेम केवळाबाईनं तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून पाळला. मागायचं ते मागं राहिलेल्यांसाठी. विधवेला धीर दे, लेकरांना सांभाळ, म्हाताऱ्याला बळ दे. मेलेल्यासाठी एक अक्षर मागायचं नाही. साध्या माणसाची जीभ तिथंच घसरायची. “देवा, आमच्या बापाच्या आत्म्याला...” एवढं कुणी म्हटलं रे म्हटलं की केवळाबाई खाकरायची. बोलणारा जागच्या जागी गप्प व्हायचा. मग तिचं ठरलेलं सांगणं सुरू व्हायचं. डोळा मिटला की माणसाचं काय ते ठरलं. विश्वासात गेला तो प्रभूजवळ, नाही गेला तो नाही. मधली जागा कुठंच नाही, आणि इथून मारलेली हाक तिथं पोचत नाही. देव आणि माणूस यांच्यामध्ये एकटा ख्रिस्त उभा आहे. तिथं संतांचं काम नाही आणि आईबापाचंही नाही.

आता हे ऐकून कुणाला वाटेल, बाई दगडाची होती. तशी ती नव्हती. तिच्या लहानपणी तिची आई सतत मेलेल्यांच्या भीतीत जगायची. घरात कुणाला ताप आला की भगत सांगायचा, अमक्याचा जीव अडकलाय, कोंबडं मागतोय. घरात खायला दाणा नसे, आणि मेलेला सासरा कोंबडं मागे. मिशनच्या मडमनं एक दिवस तिच्या आईला सांगितलं की मेलेले काही मागत नाहीत, त्यांचं देवानं बघितलंय. त्या दिवशी आई दुपारी पाय पसरून झोपली, आणि केवळाबाईनं आईला तसं झोपलेलं पहिल्यांदाच पाहिलं. मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हटलं की तिला ते कोंबडं आठवायचं. म्हणून ती खाकरायची.

बहात्तरच्या दुष्काळात गल्लीत जीप आली. रोमन फादर आणि पांढऱ्या कपड्यांतल्या दोन सिस्टर. गल्लीतले लोक कॅथलिकांना रोमनच म्हणत. बायाबाप्ये खडी फोडायला गेलेले, विहिरींच्या तळाला चिखलसुद्धा उरला नव्हता, आणि सिस्टर पोरांना दूध आणि घरांना गहू वाटायच्या. पाच घरं रोमन झाली. गव्हापायी बाटले, असं लोक म्हणाले. लोकांचं काय जातं म्हणायला. त्या पाचांत केवळाबाईची धाकटी जाऊ गुणाबाई होती. तिच्या चार वर्षांच्या पोरीला फादरांनी तेरेजा नाव ठेवलं. केवळाबाईला ते बोलताना जिभेला अडखळायचं, तरी पुतणी लाडकी होती आणि केवळाबाईच्या घरचं गूळपाणी तिला रोज लागायचं.

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात तेरेजाला गोवर निघाला आणि पाठोपाठ हगवण लागली. सहा दिवसांत पोर गेली. फादर येऊन माती देऊन गेले. मग तिसऱ्या दिवशी केवळाबाई सवयीनं जावेच्या घरी गेली. गुणाबाई भिंतीला टेकून जपमाळ ओढत होती. मण्यामागून मणी सरकवत ती मरियेला विनवत होती, माझ्या लेकराला सांभाळ, मोठी होईस्तोवर कडेवर घे. केवळाबाई खाकरली. गुणाबाई थांबली नाही. तेव्हा केवळाबाईनं तिच्या हातावर हात ठेवला आणि सगळ्या बायांसमोर सांगितलं.

“गुणा, हे पोचत न्हाई. मरिया आपल्यासारखीच बाई व्हती, तीबी गेली. पोरीचं देवानं बघितलंय. तू उगं माती उकरून राहिलीस.”

आवाज तिनं चढवला नव्हता. उलट प्रेमानं बोलली होती, जावेला मोकळं करावं म्हणून. गुणाबाईनं माळ पदरात घेतली आणि बायांना चहा ठेवायला उठली.

पुढं नऊ वर्षं गेली. ब्याऐंशीच्या पंधरा ऑगस्टला लातूर वेगळा जिल्हा झाला. गावात पेढे वाटले. कचेरीच्या कामाला आता उस्मानाबादेची वाट तुडवायला नको म्हणून लोक खूश होते. जिल्ह्याबरोबर पाणीही येईल असं बहुतेकांना वाटत होतं, पण पाऊस त्या वर्षीही हात राखूनच पडला. नव्या जिल्ह्याच्या गावात बांधकामं निघाली आणि आमच्याकडची माणसं विटा वाहायला लातूरला गेली. केवळाबाईचा एकुलता एक मुलगा शांतवनही गेला.

शांतवन अडतीस वर्षांचा होता. बाप शेषेराव लहानपणीच गेलेला. पोरगा सातवी शिकला, ट्रकवर किन्नर, म्हणजे क्लीनर, झाला आणि तिथं बाटलीला लागला. बायको माहेरी निघून गेली. सहा वर्षं त्यानं चर्चची पायरी चढली नव्हती. केवळाबाईनं त्याच्यासाठी गुडघे झिजवले, त्याच्या अंगावर पाणी ओतलं, त्याला दाराबाहेर ठेवलं. एकदा भर उपासनेत त्याचं नाव न घेता ती म्हणाली होती की दारुड्याला देवाच्या राज्यात वाटा नाही. नाव घ्यायची गरजच नव्हती. त्याला घरात घेऊन जेवू घालायची ती गुणाबाईच. निघतानासुद्धा तो आईच्या घरावरून न थांबता गेला आणि चुलतीच्या पाया पडला.

पुढच्या वर्षी एप्रिलात गल्लीपलीकडच्या बौद्ध वस्तीतला निवृत्ती त्याचं प्रेत टेम्पोतून घेऊन आला. निवृत्ती लातूरला शिपाई होता. बाजारामागच्या भिंतीच्या कडेला शांतवन उन्हात पालथा सापडला होता. ऊन लागलं की दारू भोवली, कुणी सांगू शकलं नाही. निवृत्तीनं एवढंच सांगितलं की तोंडाला वास होता. आईला हे सांगू नये, हे त्या भल्या माणसाला सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी पाळकसाहेब आले नव्हते, त्यांना ताप होता. प्रार्थना केवळाबाईनंच करायची होती. घर भरलेलं होतं. तिनं डोळे मिटले आणि नेहमीचं सुरू केलं. मागं राहिलेल्यांना धीर दे. इथं तिच्या लक्षात आलं की मागं राहिलेली ती एकटीच आहे, आणि स्वतःसाठी तिला काहीएक मागायचं नाही. जे मागायचं होतं ते दातांपर्यंत आलं. “देवा, माझ्या शांतवनाला...” ती थांबली. कुणी खाकरलं नाही. बाया पदर तोंडाला लावून वाट बघत होत्या, पुढं म्हण, असंच त्या मनातून म्हणत असतील. केवळाबाईला पुढं म्हणता आलं नाही. आमेन म्हणून ती उठली.

दहाव्या दिवशी पाटलाच्या वाड्यावरची भामाबाई भाकरी घेऊन आली. तिचा दीरही त्याच महिन्यात गेला होता. तिनं सहज विचारलं की तुमच्यात दहावा, तेरावा, पिंड, काहीच नसतं का. केवळाबाईनं मान हलवली. एकेकाळी हेच ती छाती पुढं काढून सांगायची. आता तिला भामाबाईच्या घरच्या लोकांचा हेवा वाटला. त्यांना नदीवर जायचं होतं, भात शिजवायचा होता, कावळ्याची वाट बघायची होती. त्यांच्या हातांना काम होतं. तिचे हात मांडीवर नुसते पडून होते.

बरं वाटल्यावर पाळकसाहेब आले. माणूस सज्जन होता. त्यांनी तिला खालीच बसू दिलं आणि स्वतःही खाली बसले. म्हणाले, शेवटच्या श्वासाला त्याच्यात आणि प्रभूत काय बोलणं झालं ते आपल्याला कुठं माहीत. ख्रिस्ताशेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोरालाही शेवटच्या घटकेला जागा मिळाली. आपण निवाडा करू नये, देवाच्या दयेवर सोडावं. केवळाबाईनं विचारलं, सोडते, पण त्याच्यासाठी मी काय करू. पाळकसाहेब म्हणाले की त्याच्यासाठी आता काही करायचं उरलेलं नाही, हीच कृपा समजावी. हे वाक्य तिनं स्वतः शंभर वेळा सांगितलं होतं. ऐकायला ते इतकं थंड लागतं हे तिला ठाऊक नव्हतं.

ऑगस्टात ती जळकोटच्या बाजाराला गेली. तिथं तिला फादर भेटले. दहा वर्षांत ते म्हातारे झाले होते. तिनंच त्यांना थांबवलं आणि रस्त्याच्या कडेला, लिंबाखाली उभं राहून, भांडायला आल्यासारखं विचारलं, मेलेल्यासाठी मागितलेलं पोचतं कसं. फादर शांतपणे म्हणाले की फार थोडी माणसं पूर्ण स्वच्छ होऊन मरतात. ज्यांचं मन देवाकडून अगदीच फिरलेलं नसतं, त्यांना देव टाकून देत नाही, धुऊन घेतो. त्याला शुद्धिस्थान म्हणायचं. तिथल्या माणसांना आपल्या प्रार्थनेचा आधार होतो. मरियेला आणि संतांना आपण सांगतो ते शेजारणीला सांगावं तसं, की बाई, माझ्यासाठी तूही देवाला म्हण. मेलं म्हणून माणूस मंडळीतून उठत नाही.

“पुस्तकात दावा,” केवळाबाई म्हणाली.

फादरांनी सांगितलं की लढाईत पडलेल्यांसाठी प्रार्थना केल्याचं लिहिलेलं आहे, पण ते पुस्तक आमच्या बायबलात आहे, तुमच्यात नाही. केवळाबाई चार मैल चालत घरी आली, तोवर हे एकच तिच्या डोक्यात फिरत होतं. तीस वर्षं जे पुस्तक तिनं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तोंडपाठ केलं, त्यात नेमकी हीच पानं नव्हती. ती पानं खरी की खोटी, याचा निवाडा तिला करता येईना. ती आता रोमन होणार नव्हती; या वयात, या गल्लीत, स्वतःच्या तोंडानं इतकं सांगून झाल्यावर ते शक्य नव्हतं. पण ज्याला ते येतं त्यानं शांतवनासाठी ते करावं, एवढं तर तिला मागता येत होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ती जावेच्या दारात गेली. गुणाबाई सूप घेऊन तूर निवडत बसली होती. केवळाबाई उंबऱ्याशी टेकली. पावसाबद्दल बोलून झालं, तुरीच्या किडीबद्दल बोलून झालं. मग ती खाली बघत म्हणाली, “गुणा, तुझ्या माळेवर शांतवनाचं नाव घेशील का?”

गुणाबाईचा हात सुपातच थांबला. तिनं जावेकडं नीट पाहिलं, चेष्टा तर नाही ना हे बघावं तसं.

“मी ते कवाच सोडलं, आक्का,” ती म्हणाली. “तुमीच म्हणला व्हता, पोचत न्हाई. त्या दिसापासून माळ हातात धरली न्हाई. फादरांच्या मिस्साला जाते, बसते, उठते. पर मेलेल्यासाठी कुणाला हाक मारली न्हाई.”

“तेरेजासाठी?”

“तिच्यासाठीबी न्हाई. दहा सालं झाली. फादर लई येळा म्हणाले. पर मला वाचाया तुमीच शिकवलंत. तुमाला जास्ती ठावं, असं धरलं.”

केवळाबाईला वाटलं, ही रागावली तर बरं होईल. गुणाबाई रागावली नव्हती. तिच्या आवाजात नवीनच काहीतरी आलं होतं, आणि तो राग नव्हता म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. ती हळूच विचारत होती, “मंग आता पोचतं म्हणता का, आक्का? तेरेजाला पोचलं असतं?”

तीस वर्षांत केवळाबाईनं या प्रश्नाला कधी क्षणभरही वेळ लावला नव्हता. हो म्हणावं तर जावेची दहा वर्षं आपण खाल्ली, पोरीला तिथं एकटं ठेवलं, हे कबूल करावं लागत होतं. नाही म्हणावं तर शांतवन गेला होता तिथंच राहत होता. आईचं मन आणि बायबलबाईचं मन, दोन्ही एकाच छातीत होती आणि दोन्ही तिला खोटं बोलू देत नव्हती.

“मला ठावं न्हाई,” ती म्हणाली.

गुणाबाईनं मान हलवली. तिनं सुपातले चार दाणे वेचले, खडा बाजूला टाकला.

“ठावं न्हवतं,” ती म्हणाली, “तर तवा कशाला सांगितलंत?”