समजा, मी सरकार आहे

"समजा, मी सरकार आहे," असं म्हणत सर पहिल्या बाकावरच्या कुणाचा तरी पेन उचलून खिशात टाकायचे. "घेतला. आता बोला."

मुरबाडच्या आमच्या कॉलेजात ते बी.ए.च्या मुलांना भारताची आणि अमेरिकेची राज्यघटना शिकवायचे. मी शेजारच्या खोलीत मराठी. भिंतीपलीकडून कल्ला ऐकू यायचा. "असा कसा घेतला, सर?" "कारण सांगा!" "भरपाई द्या!" सर खूश. "अरे, हेच अमेरिकेच्या घटनेच्या पाचव्या दुरुस्तीत आहे. तुम्ही न वाचताच सांगितलंत!"

धसईची एक मुलगी एकदा म्हणाली, "सर, अमेरिकेचं शिकून आमी काय करणार?"

"दुसऱ्याचं घर बघितलं की आपल्या घराला खिडकी कुठं नाय ते कळतं," सर म्हणाले.

असे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. गावाला त्यांचा अभिमान वाटतो, आणि एक दिवस तोच अभिमान त्यांच्यावर उलटतो.

सरांचं गाव खर्डीजवळ. नवा रस्ता तिथल्या भातशेतीतून जाणार असं ठरलं, तेव्हा गावानं सरांना बोलावलं. सोबत मी गेलो. देवळासमोर माणसं जमली होती. सरांचे थोरले भाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमचा भाऊ घटना शिकवतो. तोच अडवील रस्ता."

त्या दिवशी सर खोटं बोलले असते तर गावानं त्यांना डोक्यावर घेतलं असतं.

"दादा, जमिनीचा हक्क आहे आपला, पण तो आता मूलभूत नाय, कायद्यानं सरकार जमीन घेऊ शकतं. मोबदल्यासाठी भांडू, मी पुढं राहीन. पण जमीन वाचंल असं मी सांगणार नाय."

"मंग इतकी वर्सं पोरांना काय शिकवलंस रे?" दादा उठून गेले.

सर खरंच भांडले. शहापूरच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. गावाला मोबदला वाढवून मिळाला. दादांनी मात्र भावाशी बोलणं टाकलं.

वर्गात सरांनी पेन उचलणं सोडलं. तो भाग आला की पुस्तकातून वाचून दाखवायचे. भिंतीपलीकडची ती शांतता मला सहन व्हायची नाही.

निवृत्तीनंतर वर्षभरात सर गेले. दादा आले नाहीत.

सर जाण्याआधीच्या पावसाळ्यात, भाताच्या आवणीच्या दिवसांत, मी सरांबरोबर खर्डीला गेलो होतो. नव्या रस्त्यावरून गाड्या सुसाट जात होत्या. पलीकडे उरलेल्या तुकड्यात दादा चिखलात उभे राहून भात लावत होते.

"दादा!" सरांनी हात वर करून हाक मारली.

दादांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं. मग पाठ फिरवली आणि पुन्हा वाकून रोपं लावू लागले. सरांचा हात मात्र कितीतरी वेळ तसाच वर होता.