बुजवलेली भोकं

माझी गाडी दोन माणसांची, कापडी टपाची, जमिनीला चिकटून चालणारी. रेवदंड्यात असली स्पोर्ट्‌स कार ठेवणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड, हे गावातल्या प्रत्येकाने मला एकदा तरी ऐकवलं आहे. मुंबईच्या एका हौशी माणसाकडून मी ती जुनी घेतली आणि तेव्हापासून तिचं ऑइल, ब्रेक, सस्पेन्शन सगळं स्वतः करते. तिच्यावर दुसऱ्याने पाना फिरवलेला मला खपत नाही. मी मुळात तापट, त्यात गाडीचा विषय निघाला की बघायलाच नको.

गाडी उभी असते बाबांच्या शेडमध्ये. बाबा होड्या बांधायचे. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकायचा, वरून राळ आणि तेल चोपडायचं, आणि मग होडी खाडीत लोटायची. त्यांची होडी कधी गळली नाही. पुढे फायबरच्या बोटी आल्या, शेड रिकामी झाली आणि बाबा ओट्यावर बसायला लागले. बसले ते बसलेच. माझ्या गाडीकडे येता-जाता बघायचे, पण बोलायचे काही नाहीत.

मागल्या उन्हाळ्यात ऑफिसने मला दोन महिने पुण्याला ट्रेनिंगला पाठवलं. निघताना म्हटलं, "बाबा, गाडीकडे लक्ष ठेवा. खारा वारा पत्रा खातो." एवढंच म्हटलं होतं.

परत आले तर गाडीचं पोट काळंभोर चकाकत होतं. बाबांनी तिला ठोकळ्यांवर चढवून, खालचा गंज घासून काढून वर राळ चोपडली होती. आई सांगत होती, कित्येक वर्षांनी या माणसाला जेवायला तीन-तीन हाका माराव्या लागल्या. मला इतका आनंद झाला की मी वाकून नीट बघितलंच नाही. ही माझी चूक, आणि ती मी पुढे सोयीस्करपणे विसरले.

पावसाळाभर त्याच गाडीने अलिबागला ऑफिसात ये-जा केली. पाऊस सरता सरता एक दिवस वळणावर पाणी डुचमळल्याचा आवाज आला. ब्रेक मारला की डुचमळ, वळण घेतलं की डुचमळ. घरी येऊन गाडी जॅकवर घेतली.

या गाडीच्या टपावरचं पाणी सीटमागच्या दोन नळ्यांनी उतरतं, दारांखालच्या लांबट पोकळ पेट्यांत येतं आणि पेट्यांच्या तळाच्या भोकांतून रस्त्यावर पडतं. मी भोकं शोधू लागले. एकही सापडेना. प्रत्येक ठिकाणी कापूस ठोकलेला, वर राळेचा हात फिरवलेला. काम इतकं सुबक की बोटाला सांधा लागत नव्हता. मी स्क्रू ड्रायव्हर टेकवला. तो भिजलेल्या बिस्किटात जावा तसा पत्र्यात घुसला आणि तांबडं पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळलं. आतून गंज आधीही असणार, पण चार महिन्यांच्या तुंबलेल्या पाण्याने उरलंसुरलं संपवलं होतं.

"बाबा! ही भोकं बुजवायला कोनी सांगितलं तुम्हाला?"

बाबा दारात आले. "तळाला भोकं होती, बाय," ते म्हणाले. "भोकं ठेवून कोन पान्यात जातं?"

"ही होडी न्हाय! कलत न्हाय तर हात कशाला लावता?"

त्यांनी जमिनीवरच्या पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि ओट्यावर जाऊन बसले. शेजारच्या अंगणात जाळं विणणारी माणसं हात थांबवून ऐकत होती, हे मला नंतर दिसलं.

त्यानंतर बाबांनी शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. रोज जेवताना मी ठरवायची, आज 'चुकले' म्हणायचं. आणि ताट उचलून उठायची. लाज वाटत होती, आणि रागही गेला नव्हता, खोटं कशाला सांगू.

शेवटी कुजलेला पत्रा कापून काढला आणि नव्या पट्ट्या आणल्या. वेल्डरला बोलावण्याआधी त्या बाबांपुढे नेऊन ठेवल्या. "भोकं तुम्ही पाडा. जागा मी दाखवते."

ते उठले. ड्रिल हातात धरून विचारलं, "नक्की ना?" मी नक्की म्हटलं. प्रत्येक भोक पाडल्यावर त्यांनी कानशीने त्याची कड घासली, बोट फिरवून बघितलं, मगच पुढचं. पट्ट्या बसल्यावर मी टपावर बादलीभर पाणी ओतलं. बाबा उकिडवे बसून ते खालून पडताना बघत राहिले.

"बाबा, त्या दिवशी मी चुकले," मी म्हटलं.

"न्हाय, बाय. मीच इचारायला पायजे होतं."

या माणसाने आयुष्यात कोणाला विचारून काम केलं नव्हतं. होडीचे मालक यांच्यापुढे गप्प उभे राहायचे, यांनी हो म्हटल्याशिवाय होडी पाण्याला लागत नसे.

आता बाबा रोज शेडमध्ये येतात. तेच मला हवं होतं. फडकं उचलतात आणि माझ्याकडे बघतात. "बाय, पुसू?" नट सैल दिसला तर पाना हातात घेऊन थांबतात. "बाय, लावू?"

"विचारता काय बाबा, करा की," मी दर वेळी म्हणते.

ते मान डोलावतात, आणि पुढच्या नटाशी पुन्हा थांबतात.