अक्षर लागत नाही

ओटावातल्या एका संग्रहालयात मी जुन्या डायऱ्या कॉम्प्युटरवर टाइप करते. मागच्या विंटरमध्ये माझ्या वाट्याला राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या एका बावीस वर्षांच्या इंग्रज पोराची डायरी आली. उत्तरेकडचा मुलूख सरकारसाठी मोजायला निघालेला. अक्षर कसं, मोत्यासारखं! आणि करणी? शी!

सुरुवातीला मला त्याची दयाच आली. पायाला फोड, डासांनी सुजलेले डोळे, आईच्या आठवणीनं रडणं. मग त्याच्या तिथल्याच आदिवासी वाटाड्याचा कप वेगळा ठेवल्याचं वाचलं. माझ्या आज्याची कपबशीसुद्धा गावच्या हॉटेलात वेगळी असायची. डोक्यात तिडीकच गेली.

त्यापुढचं पान वाचलं आणि मी वॉशरूममध्ये जाऊन भडाभडा ओकले. या महाभागानं वाटाड्याच्या आईची कबर उकरली होती. तिची कवटी पातेल्यात उकळून साफ केली, विलायतेतल्या संग्रहालयाला पाठवायला पेटीत भरली. वाटाड्याला सांगितलं, दगडांचे नमुने आहेत. आणि पेटी त्याच्याच पाठीवर दिली.

आमचा नियम असा, की लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवायचं. अक्षर लागलंच नाही, तर 'वाचता येत नाही' अशी खूण करायची. आमची मॅनेजर बाई म्हणाली, "इथे तीच खूण कर. वाटाड्याची पणती परवा डायरी बघायला येतेय. कशाला उगाच?" वर गोड हसून, "तुझं कॉन्ट्रॅक्ट याच महिन्यात रिन्यू व्हायचंय ना?"

नवरा म्हणाला, "कर ना, आपल्या बापाचं काय जातंय?"

खोटं कशाला बोलू, केली मी खूण. इतकं स्वच्छ अक्षर, आणि म्हणे वाचता येत नाही! दोन दिवस मला त्या पोराची नाही, माझीच किळस येत होती. जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात शिरल्या शिरल्या खूण काढली आणि ओळ न ओळ टाइप केली. जाऊ दे गेलं तर कॉन्ट्रॅक्ट, चुलीत!

पणती आली. साठीची बाई. तिनं ते पान दोनदा वाचलं. मग मला विचारलं, "माझ्या पणजोबाला कधी कळलं का?"

"नाही," मी म्हटलं, आणि पुढचं पान तिच्यासमोर ठेवलं. तिथे त्या पोरानं लिहिलं होतं: 'सामान नाजूक आहे असं सांगितल्यापासून गडी पेटी जमिनीला टेकू देत नाही. झोपतानाही कुशीत घेतो.'