बाबा पानं टाकत नाहीत

पाळी गावच्या खाणीवर तीस वर्षं ट्रक चालवलेल्या माझ्या वडिलांना ‘जरा हळू चालवा’ असं कुणी म्हटलेलं खपत नसे. पंचाहत्तरीतही ते रोज सकाळी माझ्या मुलीला स्कूटरवर मागे बसवून डिचोलीच्या शाळेत सोडत. डंपर अंगावर आला तरी ब्रेकला हात लावत नसत. मी चावी मागितली की चार दिवस अबोला.

चवथीला आरती, जेवणं उरकून पत्ते निघाले तेव्हा तेच म्हणाले, "पत्त्यांत माका हरय आनी व्हर चावी." हरवलं तर चावी माझी.

आम्ही तिघंच खेळणारे: बाबा, मी आणि बायको. पैशांऐवजी काजूच्या बिया. प्रत्येकाला पाच पानं, एकदा नको ती बदलायची, मग बिया लावायच्या. हे पोकर मोबाइलवर शिकून घरात मीच आणलेलं, त्यामुळे मला जरा शिंगं फुटली होती.

पण बाबा पानं टाकून डाव सोडतच नसत. हातात काही नसताना मी मूठभर बिया पुढे सारून थाप मारायचो, आणि ते दुऱ्या-तिऱ्या घेऊनसुद्धा तेवढ्याच बिया लावून माझी पानं बघायला मागायचे. कधी हातातली चांगली जोडी फोडून बदलायचे. म्हातारा बेरकी आहे, असं मी मनात म्हणायचो. पहिल्याच दिवशी माझ्या निम्म्या बिया गेल्या.

"जे पळतच नाहीत त्यांना कशाला भिववता?" बायको स्वयंपाकघरात म्हणाली. "चांगली पानं येईपर्यंत गप्प बसा. आली की भरपूर लावा."

दुसऱ्या दुपारी मी तेच केलं. डावामागून डाव सोडत राहिलो. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, टेबलाखाली पाय सारखा हलत होता. अखेर तीन राजे आले. बायकोनं पानं टाकली. मी होत्या तेवढ्या बिया पुढे केल्या, बाबांनीही केल्या.

माझे राजे ऐकून त्यांनी शांतपणे पानं पसरली. "पाचूय इस्पिक."

एकाच प्रकारची पाच म्हणजे तीन राजांच्या वर. चावी गेली.

"बाबा," बायको हळूच म्हणाली, "हे मधलं किलवर आहे."

त्यांनी पान उचललं, डोळ्यांशी नेलं, मग लांब धरलं. "हांगा उजवाड कमी आसा."

चारचं ऊन थेट टेबलावर पडलं होतं. मी दुसरं एक पान त्यांच्यापुढे धरलं आणि विचारलं, हे काय?

"राजा," ते म्हणाले. ती राणी होती.

मला आधी संताप आला, मग घाम फुटला. ज्याला मी बेरकीपणा समजत होतो तो नुसता अंदाज होता. कधीपासून दिसत नाही, म्हणून विचारलं तर म्हणाले, शिगम्यापासून, म्हणजे होळीपासून. शाळा जूनमध्ये सुरू झालेली. म्हणजे अख्खा पावसाळा मुलगी त्यांच्या मागे बसून जात होती.

बाबांनी खिशातून चावी काढून माझ्यासमोर ठेवली.

"चेडवाक सांगूं नाका," नातीच्या दप्तराकडे बघत ते म्हणाले.